छापून आलेल्या पेपरात आपलीच चूक सापडली, तर जर्नलला कळवायचं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही तेही कळेल. दोन वर्षांपूर्वी तुमचा पेपर एका चांगल्या जर्नलमध्ये आला. चार लेखक, पहिलं नाव तुमचं. आता त्याच डेटावर थिसिसचं पुढचं प्रकरण लिहिताना तुम्हाला दिसलं, की दोन फाइल्स जोडताना ३७ जणांच्या नोंदी दोनदा आल्या आहेत. पेपरात ४१२ सहभागी लिहिलेत, प्रत्यक्षात आहेत ३७५. मुख्य निष्कर्षाची पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; सहसा ती ०.०५ च्या खाली असेल तरच निकाल ग्राह्य धरतात) ०.०४ होती. गाइड सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कोणाच्या लक्षात येतंय? थिसिस जमा होईपर्यंत गप्प बस." पेपरला आजवर ९ सायटेशन्स आहेत, म्हणजे नऊ ठिकाणी इतरांनी त्याचा संदर्भ दिलाय. तुम्ही विचारलंय, कळवलं तर पेपर मागे घ्यावा लागेल का, आणि मागे घेतला तर करिअर संपेल का.

मी सतरा वर्षं जर्नलच्या संपादनाचं काम करते. त्यातली अलीकडची आठ वर्षं तक्रारी, दुरुस्त्या आणि मागे घेतलेले पेपर हेच माझ्या टेबलावर येतं. त्यावरून सांगते, तुमच्या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. एक, या चुकीसाठी पेपरचं काय करायला हवं. दुसरा, ज्यांच्या सहीवर तुमचा थिसिस अडलाय त्यांनी गप्प बस म्हटल्यावर तुम्ही काय करायचं. पहिल्याचं उत्तर बरंचसं तंत्राचं आहे आणि तुम्हाला वाटतं तितकं भीतीदायक नाही. अवघड आहे तो दुसरा, आणि त्यात बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. ती परिस्थिती मला इथून पूर्ण दिसत नाही, हे आधीच कबूल करते.

आधी चुकीचा आकार बघू. नोंदी दुप्पट झाल्या की सॅम्पल फुगतं आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, आहे त्यापेक्षा लहान दिसते. गटांमधला फरक आणि आकड्यांची पसरण तेवढीच राहिली असं धरलं, तर ४१२ चे ३७५ झाल्यावर स्टँडर्ड एरर साधारण ५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ०.०४ ची पी-व्हॅल्यू जवळजवळ बरोबर ०.०५ वर येऊन बसते. तुमची झोप यानेच उडाली असणार. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं आहे ते हे, की ही ३७ माणसं कोण होती. सगळ्या गटांमध्ये सारखी विखुरलेली असतील तर परिणामाचा आकार फारसा हलणार नाही, फक्त खात्री कमी होईल. ती एकाच केंद्रातून, एकाच महिन्यातून किंवा एकाच गटातून आली असतील, तर मात्र त्या गटाचं वजन वाढलंय आणि सरासरीच सरकलेली असू शकते. तेव्हा पी-व्हॅल्यूकडे नंतर बघा, आधी त्या ३७ ओळी उघडून समोर ठेवा.

मग विश्लेषण पुन्हा करा, पण अगदी तेच. मॉडेल तेच, व्हेरिएबल्स तीच, वगळण्याचे नियम तेच. बदल एकच, दुबार नोंदी काढलेल्या. हे मी ठासून सांगते, कारण माणूस इथेच घसरतो. आकडा ०.०५ च्या पलीकडे गेला की वाटतं, वयाऐवजी वयोगट घेऊन बघू, ते दोन आउटलायर, बाकीच्यांहून फार वेगळे आकडे, काढून बघू. अशा दोन-चार फेऱ्यांत आकडा पुन्हा ०.०४ वर येतोही. पण तोवर साध्या चुकीचं रूप पालटलेलं असतं. वेगळं विश्लेषण दाखवायचंच असेल तर ते जादाचं म्हणून, वेगळ्या नावाने दाखवा. आणि मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत काढा, तारीख घाला, ती फक्त वाचता येईल अशी करून ठेवा. नवा कोड तुमच्याखेरीज आणखी एकाने, शक्यतो पेपरशी संबंध नसलेल्याने, चालवून बघावा. चूक सापडल्याच्या घबराटीत दुसरी चूक होते, हे मी तीनदा तरी पाहिलंय. एका प्रकरणात तर दुरुस्तीचीच दुरुस्ती छापावी लागली.

आता पेपर मागे घ्यावा लागेल का. जर्नलपुढे साधारण तीन वाटा असतात. निष्कर्ष टिकत असेल आणि आकडे बदलत असतील, तर करेक्शन छापतात. पेपर जागेवर राहतो, त्याला दुरुस्तीची नोंद जोडली जाते. निष्कर्षच विश्वासार्ह राहिला नसेल तर रिट्रॅक्शन, म्हणजे पेपर मागे घेणं. आणि चूक प्रामाणिक आहे, बदल पेपरभर पसरलेत, पण दुरुस्त पेपर स्वतःच्या पायावर उभा राहतो, असं असेल तर काही जर्नल्स जुना पेपर मागे घेऊन त्याच जागी नवा छापतात.

या तिसऱ्या वाटेचं ठळक उदाहरण म्हणजे प्रेडिमेड हा स्पेनमधला मोठा आहार-अभ्यास. ७,४४७ लोकांवरचा हा पेपर २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. पुढे जॉन कार्लाइल या भूलतज्ज्ञांनी अनेक चाचण्यांचे आकडे तपासले आणि इथली लोकांची गटांत वाटणी खरोखर रँडम, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, होती का, अशी शंका उभी राहिली. लेखकांनी शोध घेतला. काही घरांत एकाच कुटुंबातल्या सगळ्यांना एकच आहार दिला गेला होता आणि एका ठिकाणी तर माणसांऐवजी अख्खी क्लिनिक्सच गटांत वाटली गेली होती. जून २०१८ मध्ये लेखकांनी तो पेपर मागे घेतला आणि त्याच जर्नलमध्ये नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला. आकडे फारसे बदलले नाहीत. पण आहारामुळेच फरक पडला, असं ठाम सांगणारी भाषा सौम्य करावी लागली. तुमचं प्रकरण याच्या तुलनेत फार लहान आहे. ३७ नोंदी विखुरलेल्या असतील तर मी करेक्शनची अपेक्षा धरेन. सगळा पेपर त्या ०.०४ वरच उभा असेल आणि शीर्षकातही तोच दावा असेल, तर संपादक मागे घ्या किंवा बदला म्हणू शकतात. पेपर न बघता याहून ठाम सांगणं बरोबर होणार नाही.

रिट्रॅक्शन या शब्दाने लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारणही आहे. फँग, स्टीन आणि कासाडेव्हॉल यांनी २०१२ मध्ये मागे घेतलेले २,०४७ पेपर तपासले, तेव्हा ६७.४ टक्के प्रकरणांच्या मुळाशी गैरप्रकार निघाला. चुकीमुळे मागे घेतलेले २१.३ टक्के होते. त्यामुळे शब्द ऐकताच लोकांना आधी लबाडीच आठवते. पण प्रकाशनातल्या नैतिकतेचे दंडक ठरवणारी कोप ही संस्था आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ सांगते, की रिट्रॅक्शनचा हेतू छापील साहित्य दुरुस्त करणं हा आहे, लेखकांना शिक्षा करणं नाही. १९९७ मध्ये काही वैद्यकीय संपादकांनी एकत्र येऊन ही संस्था उभी केली. आज माझ्यासारखे असंख्य संपादक तिचे फ्लोचार्ट समोर ठेवूनच निर्णय घेतात. रिट्रॅक्शनच्या नोटिशीत कारण काय आणि पेपर कोण मागे घेतंय, हे लिहिलेलं असावं असंही त्या सूचनांत आहे. याचा फायदा घ्या. चूक कोणती होती आणि ती लेखकांना स्वतःलाच सापडली, हे नोटिशीत यावं असा आग्रह धरा. पुढे नोकरीच्या मुलाखतीत कोणी विचारलं तर ती एक ओळ तुमच्या बाजूने उभी राहील.

करिअरचं म्हणाल, तर यावर नुसता धीर देण्यापलीकडे सांगण्यासारखं आहे. लू, जिन, उझी आणि जोन्स यांनी २०१३ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये याच प्रश्नावर अभ्यास छापला. पेपर मागे घेतला गेला की त्या लेखकांच्या आधीच्या पेपरांची सायटेशन्सही घटतात. पण चूक लेखकांनी स्वतः कळवली असेल, तर ही घट त्यांना दिसली नाही. फ्रान्सिस आर्नल्ड यांना २०१८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी स्वतःच ट्विटरवर जाहीर केलं, की सायन्स या जर्नलमधला २०१९ चा आपला पेपर मागे घेतोय, कारण ते निकाल पुन्हा मिळत नाहीत. पेपर पाठवला तेव्हा आपण गडबडीत होतो आणि आपलं काम नीट केलं नाही, हेही त्यांनी लिहिलं. त्यांचं स्थान भक्कम होतं आणि तुमचं तसं नाही, हे मला कळतं. म्हणून मला जास्त जवळचं वाटणारं उदाहरण जेफ्री चँग यांचं आहे.

चँग प्रथिनांच्या रचना शोधत. त्यांच्या गटात वापरात असलेल्या एका प्रोग्रॅममध्ये डेटाच्या दोन रकान्यांची अदलाबदल होत होती. तेवढ्यानेच इलेक्ट्रॉन डेन्सिटीचा नकाशा, ज्यावरून प्रथिनाची रचना काढतात, उलटा झाला आणि त्यावरून काढलेली रचनाही चुकली. तोच प्रोग्रॅम पुढच्या कामांतही वापरला गेला. २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका गटाने जवळच्याच प्रथिनाची रचना नेचरमध्ये छापली, ती जुळेना, आणि शोध घेतल्यावर ते दोन रकाने सापडले. पाच पेपर मागे घ्यावे लागले, त्यातले तीन सायन्समधले. चँग यांनी चूक नेमकी कुठे झाली ते लपवलं नाही. २००९ मध्ये पी-ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाच्या रचनेवरचा त्यांच्या गटाचा पेपर पुन्हा सायन्समध्येच आला. पण मधल्या काही वर्षांत, त्या चुकलेल्या रचनांशी न जुळणारे प्रयोग ज्यांच्याकडे होते, त्यांना आपलं काम जर्नल्सच्या गळी उतरवणं जड गेलं. मी विद्यार्थ्यांना हे प्रकरण सांगते ते या शेवटच्या भागासाठी. तुमच्या ९ सायटेशन्समागेही माणसं आहेत. त्यांतलं कोणी उद्या मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून विश्लेषण, करायला घेईल आणि तुमच्या पेपराला ४१२ चं वजन देईल. कोणी तुमच्या निकालाशी आपला निकाल जुळत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत बसलं असेल.

आता सरांचा प्रश्न. "कोणाच्या लक्षात येतंय" याचं उत्तर असं, की तुमच्या लक्षात आलंय, आणि तुम्ही ते त्यांना सांगितलंय. कळण्याआधी ती चूक होती. कळल्यावर तसंच ठेवून त्यावर थिसिसचं प्रकरण उभारलं, तर चुकीचे आकडे जाणूनबुजून सादर केले असा त्याचा अर्थ होतो. पुढे कधी चौकशी झाली, तर समिती पहिल्यांदा विचारते ते हेच, की तुम्हाला कधी कळलं आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. गाइडनी गप्प बसायला सांगितलं होतं, हे उत्तर समजून घेतलं जातं, पण पहिल्या लेखिकेला ते पुरेसं पडत नाही.

तरीही सरांना खलनायक ठरवून सुरुवात करू नका. माझ्या अनुभवात गप्प बस म्हणणारे बहुतेक गाइड लबाड नसतात, घाबरलेले असतात. त्यांना वाटतं चूक कळवली म्हणजे बदनामी, आणि करेक्शन व रिट्रॅक्शन यांतला फरक त्यांच्याही डोक्यात स्पष्ट नसतो. म्हणून दुसऱ्यांदा जाल तेव्हा नुसती चिंता घेऊन जाऊ नका, तयार काम घेऊन जा. जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी मांडलेला एक पानाचा तक्ता, आणि संपादकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा. "सर, मी पुन्हा मोजलंय. मुख्य परिणामाची दिशा तीच आहे, हे आकडे बदलतात. आपणच कळवलं तर करेक्शनवर भागेल असं वाटतं. तुम्ही बघून सही करता का?" इतकं सोपं करून दिलं की पुष्कळदा गाडी हलते. बोलणं झालं की त्याच दिवशी सगळ्या सहलेखकांना मिळून एक साधा ईमेल करा, कोणावरही आरोप न करता. काय सापडलं, कधी सापडलं, पुढे काय करू या. लेखक चार आहेत, हे विसरू नका. पेपराची जबाबदारी चौघांचीही आहे, आणि उरलेल्या दोघांना तर अजून काही माहीतच नाही.

एवढं करूनही सर अडून बसले तर? मग तुमच्या संस्थेतली संशोधन-नैतिकतेची समिती, किंवा तुमच्या थिसिसवर लक्ष ठेवणाऱ्या समितीतलं विश्वासाचं कोणी, ही पुढची पायरी. संपादकांना तुम्ही एकट्याही लिहू शकता. कुठल्याही एका लेखकाचं पत्र आलं तरी आम्हाला ते गंभीरपणे घ्यावं लागतं. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. तुमचं नाव कायम गुप्त ठेवण्याचं वचन कुठलाच संपादक देऊ शकणार नाही, कारण पुढच्या टप्प्यावर सगळ्या लेखकांचं म्हणणं मागवावंच लागतं. लेखकांचं आपसात पटत नसेल तर निवाडा आम्ही करत नाही, प्रकरण संस्थेकडे पाठवतो. तुमची फेलोशिप, थिसिसची तारीख, पुढची शिफारसपत्रं हे सगळं सरांच्या हातात असेल, तर कोणत्या क्रमाने आणि कोणाला सोबत घेऊन जायचं हे तुम्हीच ठरवायला हवं. दोन-चार आठवडे त्यात गेले तर मी तुम्हाला दोष देणार नाही. थिसिस जमा होईपर्यंत मात्र थांबू नका, कारण तोच चुकलेला डेटा थिसिसमध्ये जाणार आहे.

पत्र पोचल्यावर आमच्याकडे काय होतं, याची कल्पना यावी म्हणून दोन प्रकरणं सांगते. नावं आणि विषय सांगत नाही.

एका पहिल्या लेखकाचं पत्र आलं, सोबत तीन फाइल्स. जुना डेटा, नवा डेटा, आणि बदललेल्या ओळी पिवळ्या केलेला तक्ता. पत्रात एक वाक्य होतं, "फाइल्स जोडण्याचं काम माझं होतं, ही चूक माझ्याकडून झाली." मी ते संख्याशास्त्राच्या रिव्ह्यूअरला, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, पाठवलं, त्यांनी कोड चालवला, दोन शंका विचारल्या, लेखकाने चार दिवसांत उत्तर दिलं. अकरा आठवड्यांत करेक्शन छापून आलं. पुढच्या वर्षी त्याच लेखकाला आम्ही रिव्ह्यूअर म्हणून बोलावलं, कारण इतक्या काळजीने काम करणारा माणूस आम्हाला हवा होता.

दुसऱ्यात तक्रार वाचकाकडून आली. दोन तक्त्यांतले आकडे जुळत नव्हते. आम्ही मूळ डेटा मागितला. पाच महिने उत्तरं येत राहिली, संगणक बिघडला, विद्यार्थी सोडून गेला. शेवटी फाइल आली. तिच्यावरची शेवटच्या बदलाची तारीख आमच्या पहिल्या पत्रानंतर तीन दिवसांची होती. मूळ चूक कदाचित तुमच्याएवढीच किरकोळ असेल, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या तारखेनंतर आम्ही कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू शकलो नाही. प्रकरण संस्थेकडे गेलं आणि पेपर मागे घेतला गेला. पहिल्या लेखकावर आम्ही विश्वास ठेवला तो त्याच्या पिवळ्या ओळींमुळे. आणि तो तसं करू शकला, कारण कोणी विचारण्याआधी तो स्वतः आला होता.

तुमचं पत्र लांबलचक नको. कळवळून माफी मागण्याची, सगळा इतिहास सांगण्याची गरज नाही. गाभा साधारण असा ठेवा: "अमुक क्रमांकाच्या आमच्या पेपरात आम्हाला एक चूक आढळली आहे. दोन फाइल्स जोडताना ३७ सहभागींच्या नोंदी दोनदा मोजल्या गेल्या. खरी संख्या ३७५ आहे. तेच विश्लेषण पुन्हा केल्यावर तक्ता २ आणि ३ मधले आकडे सोबत जोडल्याप्रमाणे बदलतात. मुख्य निष्कर्षावर होणारा परिणाम असा आहे. मूळ व दुरुस्त डेटा आणि कोड सोबत देत आहोत. योग्य ती कार्यवाही आपण ठरवावी. हे पत्र सर्व लेखकांनी पाहिले आहे." शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम ठेवलंय. करेक्शन की रिट्रॅक्शन हे ठरवण्याचा अधिकार संपादकाचा आहे. तुम्ही आधीच "निष्कर्षावर काहीही परिणाम नाही" असं ठोकून दिलंत, तर आम्हाला उलट जास्त खोलात शिरावंसं वाटतं. परिणाम झाला असेल तर सरळ लिहा.

उरला थिसिस. त्या प्रकरणात दुरुस्त आकडेच घाला. छापलेल्या पेपरात ४१२ का होते आणि इथे ३७५ का आहेत, याचा एक परिच्छेद पद्धतीच्या भागात लिहा, आणि जर्नलला कोणत्या तारखेला कळवलं तेही. करेक्शन तोवर छापून आलं नसेल तर ते विचाराधीन आहे एवढं पुरतं. परीक्षक त्याबद्दल विचारतील, विचारू द्या. डेटाची प्रत्येक ओळ तुम्ही स्वतः पुन्हा तपासलीय, त्यामुळे त्या उत्तरात तुम्ही अडखळणार नाही.